इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांचे जुने अंक: जमवायला सुरुवात कशी करावी

माझ्याकडे 'गाझेत दे बोझार' या फ्रेंच कलामासिकाचा जून 1909 चा अंक आहे. त्यात पान 523 वर रोझे मार्क्स या समीक्षकाचा लेख सुरू होतो. त्या मे महिन्यात पॅरिसला द्युराँ-र्‍युएल या चित्रविक्रेत्यांच्या गॅलरीत क्लोद मोने या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचं प्रदर्शन भरलं होतं. 48 चित्रं होती आणि सगळी त्याच्या बागेतल्या वॉटरलिलींच्या तळ्याची. मार्क्सनं लेख संवादासारखा लिहिला आहे. त्यात मोनेच्या तोंडी असं येतं की, या फुलांनी एक आख्खा दिवाणखाना सजवावा असा मोह मला झाला होता. चित्र भिंतीभिंतीवरून सलग फिरत गेलं असतं, त्याला क्षितिज नाही की काठ नाही. पुढे 1927 च्या मे महिन्यात पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात नेमकं असंच दालन उघडलं. तेव्हा मोनेला जाऊन पाच महिने झाले होते.

ही हकिकत मोनेवरच्या बऱ्याच पुस्तकांत सापडते. पण पुस्तक लिहिणाऱ्याला ओरांजरी माहीत असते. 1909 च्या अंकात ती कोणालाच माहीत नाही, लेखकाला नाही आणि ज्या वर्गणीदारानं जोडलेली पानं चाकूनं फाडून हा अंक वाचला त्यालाही नाही. जुने अंक जमवावेत ते यासाठी. ज्या चित्रांचे आज मगवर आणि छत्र्यांवर छाप निघतात, ती पहिल्यांदा भिंतीवर लागली तेव्हा लोकांना ती कशी दिसली, हे त्या आठवड्याच्या कागदावरच राहिलेलं असतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी, मला जे बऱ्याच चुकांनंतर कळलं ते क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी: एकच प्रदर्शन निवडा

'इम्प्रेशनिझमवरचे जुने अंक' असं ठरवून सुरुवात केलीत तर वर्षभरात घरात गठ्ठा होईल आणि त्याला काही आकार नसेल. एक प्रदर्शन धरा आणि त्याच्या अवतीभवतीचे अंक शोधा. दहा अंक झाले तरी तो संग्रह वाटतो, कारण ते एकमेकांशी बोलतात.

कोणतं प्रदर्शन निवडायचं, हे खिसा आणि धीर बघून ठरवा. मी त्यांचे तीन थर मानते.

सगळ्यात सोपा थर अलीकडचा. 1974 मध्ये इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनाला शंभर वर्षं झाली, म्हणून पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये 21 सप्टेंबर ते 24 नोव्हेंबर असं मोठं प्रदर्शन भरलं आणि डिसेंबरात ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलं. 1986 हे तर दुहेरी वर्ष. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोनं इम्प्रेशनिस्टांची मूळची आठही प्रदर्शनं नव्यानं मांडून दाखवली आणि त्याच डिसेंबरात पॅरिसला ओर्से संग्रहालय उघडलं. 1995 मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मोनेचं प्रदर्शन झालं, ते बघायला साडेनऊ लाखांहून जास्त माणसं आली. या काळातले कलामासिकांचे आणि सचित्र साप्ताहिकांचे अंक भरपूर छापले गेले, म्हणून ते मिळतात आणि परवडतात. 2024 मध्ये दीडशे वर्षांनिमित्त ओर्सेत भरलेल्या प्रदर्शनावरचे विशेषांक तर आत्ताच घेऊन ठेवावेत.

मधला थर साधारण 1890 ते 1930 चा. मोनेच्या रुआँ कॅथीड्रलच्या चित्रांचं 1895 चं प्रदर्शन, वॉटरलिलींचं 1909 चं, लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत द्युराँ-र्‍युएल यांनी 1905 मध्ये नेलेली तीनशेहून जास्त चित्रं, तिथंच 1910 च्या नोव्हेंबरात रॉजर फ्राय यांनी भरवलेलं 'माने आणि पोस्ट-इम्प्रेशनिस्ट', न्यूयॉर्कचा 1913 चा आर्मरी शो. आर्मरी शोच्या वेळी 'आर्ट्स अँड डेकोरेशन' या अमेरिकन मासिकानं मार्च 1913 चा अंक प्रदर्शनासाठीच काढला होता. त्या शोधासाठी तो पहिला खुंटा. या थरात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला आहे. कागद जुना असतो, छपाई सुंदर असते आणि थोडं थांबलं तर अंक हाती येतो.

तिसरा थर म्हणजे मूळची आठ प्रदर्शनं: 1874, 1876, 1877, 1879, 1880, 1881, 1882 आणि 1886. हे अंक दुर्मीळ आहेत. त्यातही 1877 च्या एप्रिलमध्ये जॉर्ज रिव्हिएर यानं चित्रकार मित्रांची बाजू मांडायला 'लँप्रेस्योनिस्त' नावाचं पत्र काढलं, त्याचे चारच अंक निघाले. ते कोणी स्वस्तात विकायला काढले तर आधी संशय घ्या.

दुसरी पायरी: विकत घेण्याआधी वाचून घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि पैसे इथेच वाया जातात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गालिका' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथं एकोणिसाव्या शतकातली कितीतरी फ्रेंच वृत्तपत्रं आणि मासिकं पानन् पान फुकट बघायला मिळतात. इंग्रजी 'द स्टुडिओ' मासिकाचे जुने खंड जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठानं असेच खुले ठेवले आहेत. आपल्या प्रदर्शनाच्या तारखा घ्या आणि तिथं जाऊन त्या दिवसांतले अंक उघडा. कोणत्या अंकात काय आहे, किती पानांचं आहे, सोबत चित्र आहे का, हे वहीत लिहून ठेवा. अंकाचं नाव आणि लेखाचं शीर्षक फ्रेंच अक्षरांत जसंच्या तसं उतरवून घ्या, विक्रेत्यांच्या यादीत शोधायला तेच लागतं. भाषा येत नसेल तर यंत्राचं भाषांतर या कामापुरतं चालतं.

तारखांचा हिशेब असा ठेवा. दैनिकात मजकूर उद्घाटनाच्या आठवड्या-दोन आठवड्यांत येतो, साप्ताहिकात दोन-तीन आठवड्यांनी आणि मासिकात पुढच्या महिन्यात, कधी त्याच्याही पुढच्या. 1909 चं प्रदर्शन मे महिन्यातलं आणि माझा अंक जूनचा, तो असा.

1874 चंच उदाहरण घ्या. प्रदर्शन 15 एप्रिलला उघडलं. जागा बुलव्हार दे काप्युसिनवरचा 35 नंबर, म्हणजे छायाचित्रकार नादारचा रिकामा झालेला स्टुडिओ. तीसेक कलावंत, सुमारे 165 कलाकृती. 25 एप्रिलच्या 'ल शारिव्हारी' या विनोदी दैनिकात लुई लरुआ यानं ते प्रसिद्ध टवाळीचं लिखाण केलं. त्यात एक जुन्या वळणाचा काल्पनिक चित्रकार प्रदर्शन बघता बघता भ्रमिष्ट होतो. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रापुढे तो म्हणतो की, भिंतीला लावायचा कागद अर्धाकच्चा असतानाही या समुद्रापेक्षा जास्त पुरा झालेला असतो. लरुआनं मथळ्यातच या मंडळींना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण चारच दिवसांनी, 29 एप्रिलला, 'ल सिएक्ल' या वृत्तपत्रात कास्तान्यारी या समीक्षकानं तोच शब्द समजून घेऊन वापरला: हे लोक निसर्गदृश्य रंगवत नाहीत, ते बघून मनावर जो ठसा उमटतो तो रंगवतात. मराठीत या पंथाला 'दृक्प्रत्ययवाद' म्हणतात. आणि 1 मेच्या 'लार्तिस्त' या कलानियतकालिकात मार्क द मोंतिफो यांचं परीक्षण आलं. नाव पुरुषाचं, लिहिणारी बाई. सेझान या चित्रकाराच्या चित्रावर त्यांनी फार कठोर लिहिलं आहे.

एका आठवड्यातले हे तीन कागद शेजारी ठेवले की 'सगळ्या पॅरिसनं त्यांना हसून काढलं' ही गोष्ट तशी सरळ राहत नाही. ते तिन्ही मूळ स्वरूपात मिळवणं अवघड आहे, पण गालिकावर आज रात्री वाचता येतील. मग त्यातला एखादा विकायला आला की तुम्ही डोळे मिटून घेणार नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. 25 एप्रिल 1874 च्या अंकात मोनेच्या त्या चित्राचा छाप नाही. तेव्हा छायाचित्र थेट वर्तमानपत्रात छापता येत नव्हतं. लाकडी ठशावर कोरून किंवा रेखाटन करूनच चित्र यायचं. म्हणून 1870 च्या दशकात या प्रदर्शनांची जी चित्रं सापडतात ती बहुतेक व्यंगचित्रं. 1877 मध्ये 'ल शारिव्हारी'त 'काम' (Cham) या व्यंगचित्रकारानं दाखवलं आहे की, गरोदर बाईला पोलीस प्रदर्शनाच्या दारातच अडवतो आहे, आत जाणं धोक्याचं म्हणून. रंगीत छाप पाहिजेत तर विसाव्या शतकातच या.

तिसरी पायरी: अंक पुरा आहे की नाही, हे ओळखा

इथं जरा थांबते, कारण खरी विद्या इथंच आहे.

मी पहिला घेतला तो बांधीव खंड. सहा महिन्यांचे अंक, कातडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, फोटोत देखणा. घरी आल्यावर उघडला तर मुखपृष्ठं नाहीत, जाहिराती नाहीत. विकणाऱ्यानं फसवलं नव्हतं. बांधणाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी रिवाजाप्रमाणे ती काढून टाकली होती. आपल्याकडे ग्रंथालयांत दिवाळी अंक बांधतात तेव्हा हेच होतं. 1909 मध्येच मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. असे जुने अंक ज्यांनी शोधले असतील त्यांना विचारा, मुखपृष्ठासकट सुटा अंक आणि बांधलेला अंक यांत किती फरक असतो. जाहिरातीच्या पानांवर त्या महिन्यात कोणत्या गॅलरीत काय चाललं होतं ते असतं. ज्याला प्रदर्शनांचा शोध घ्यायचा आहे त्याच्यासाठी ती पानं लेखाइतकीच मोलाची.

तरी बांधीव खंड टाकाऊ समजू नका. आतली पानं उन्हापासून आणि हाताळणीपासून वाचलेली असतात आणि किंमत बहुधा कमी असते. फक्त काय घेतोय ते माहीत पाहिजे.

दुसरी गोष्ट पृष्ठक्रमांकांची. 'गाझेत दे बोझार'सारख्या मासिकांत पानांचे आकडे सहामाहीभर सलग चालतात. जूनचा अंक 523 सारख्या आकड्यांवर असतो तो यामुळे. नवखा माणूस पहिलं पान चारशेच्या पुढचं बघून घाबरतो, अर्धा अंक फाटला असं समजून परत पाठवतो. तसं काही नसतं.

तिसरी गोष्ट चित्रपत्र्यांची. चांगल्या कलामासिकांत काही चित्रं वेगळ्या जाड कागदावर छापून मध्ये घातलेली असत, कधी खरीखुरी एचिंग (धातूच्या पत्र्यावरून काढलेले छाप), त्यावर पातळ पारदर्शक कागदाचं पांघरूण. त्यांना पानांचे आकडे नसतात. म्हणून कोणी एक पत्रा ब्लेडनं कापून फ्रेमवाल्याला विकला तरी आकडे जुळतातच, आणि विकणारा खुशाल 'पूर्ण' लिहितो. अनुक्रमणिकेत किंवा सहामाहीच्या शेवटच्या सूचीत चित्रपत्र्यांची यादी असते. ती गालिकावर बघून एकेक मोजा. शिवणीजवळ बोट फिरवलं की कापलेल्या पानाचा बारीक दाता लागतो. पांघरुणाचा कागद आहे पण खाली चित्र नाही, असंही मी पाहिलं आहे.

'द स्टुडिओ'त रंगीत चित्रं नुसती वरच्या कडेला डिंकानं चिकटवलेली असत. ती सुटून पडतात. रिकाम्या करड्या कागदाखाली फक्त चित्राचं नाव छापलेलं दिसलं तर समजा की चित्र गेलं.

चौथी पायरी: नक्कल ओळखायला एक भिंग घ्या

प्रसिद्ध अंकांच्या स्मरणार्थ नकला निघतात. नक्कल म्हणून विकल्या तर हरकत नाही, पण दोन हात फिरल्यावर तीच 'मूळ' होते. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. एकोणिसाव्या शतकातला मजकूर उठावाच्या खिळ्यांनी छापलेला असतो. अक्षराची कड भिंगाखाली सलग काळी दिसते, शाई काठाशी किंचित जास्त साचलेली. पान तिरक्या उजेडात पालथं धरलं तर मागून अक्षरांचा दाब हलकासा जाणवतो. नकलेत पान सपाट असतं. आणि जुनेपणाचा पिवळेपणा व डागसुद्धा छापलेले असले तर भिंगाखाली त्यांचे रंगीत ठिपके होतात. खरा डाग कागदात मुरलेला असतो, त्याला ठिपके नसतात.

पाचवी पायरी: कुठे शोधायचं, काय विचारायचं

पॅरिसला कोणी नात्यातलं असेल, किंवा तुम्ही स्वतः जाणार असाल, तर सेन नदीच्या कठड्यावरच्या हिरव्या पेट्यांपाशी जरूर जा. पण धीरानं बघायला मला त्याहून बरा वाटतो तो शनिवार-रविवारी पंधराव्या विभागात जॉर्ज ब्रासाँस उद्यानापाशी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार. आपल्याला घरबसल्या ईबे, एबबुक्स आणि कागदी वस्तूंसाठी चांगलं असलेलं डेलकाँप आहे.

आपल्याकडेही सापडतं. मुंबईत फोर्टातल्या फूटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि रद्दीवाल्यांकडे इंग्रजी मासिकांचे गठ्ठे येतात, एखादं जुनं घर रिकामं होतं तेव्हा. 1874 चा फ्रेंच कागद तिथे मिळायचा नाही, पण 1974 किंवा 1986 ची आंतरराष्ट्रीय साप्ताहिकं आणि 'द स्टुडिओ'चे सुटे अंक मिळू शकतात. पुस्तकवाल्याशी ओळख ठेवा. कोणतं मासिक आणि कोणती वर्षं हवीत ती चिठ्ठी त्याला लिहून द्या, मुखपृष्ठाचा फोटो दाखवा. 'चित्रकलेचं काहीही' असं सांगितलंत तर तो खरंच काहीही ठेवेल.

फ्रेंच यादीतले काही शब्द ओळखू यायला हवेत. 'ब्रोशे' म्हणजे कागदी मुखपृष्ठाचा सुटा, 'रलिए' म्हणजे बांधीव. 'रुसर' म्हणजे तांबूस ठिपके. हे जुन्या कागदावर असतातच, लेखावर फार दाट नसले तर चालवून घ्या. 'मुईयुर' म्हणजे पाणी लागल्याचा डाग, याला मात्र घाबरा, कारण त्यामागे बुरशी असू शकते. 'मांक' म्हणजे काहीतरी गहाळ; काय गहाळ आहे ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'ऑर-तेक्स्त' म्हणजे वर सांगितलेले वेगळे चित्रपत्रे. 'ऑर-सेरी' म्हणजे नेहमीच्या क्रमाबाहेरचा विशेषांक, प्रदर्शनांवरचे अलीकडचे अंक बरेचदा असे असतात.

विक्रेत्याला पाच फोटो मागा: मुखपृष्ठ, तारीख आणि अंक-क्रमांकाची ओळ, तुमच्या लेखाचं पहिलं पान, मधली शिवण किंवा पिना, मलपृष्ठ. भला विक्रेता नाही म्हणत नाही. टाळाटाळ झाली तर सोडून द्या, दुसरा अंक येईल. एकदा घाईनं मी फोटो न मागता पैसे भरले होते, आणि आलेल्या अंकातून नेमका मला हवा असलेला लेख कोणीतरी कात्रण म्हणून आधीच कापून नेला होता.

किंमत ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, आधी असा अंक कितीला विकला गेला ते बघा. ईबेवर झालेल्या विक्रीच्या नोंदी वेगळ्या बघता येतात. पैसे नेहमी त्या संकेतस्थळामार्फतच भरा.

पाठवण्याची पद्धत आधी लिहून कळवा: गुंडाळी करू नये, घडी घालू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावा. 'लिल्युस्त्रास्याँ'सारखी साप्ताहिकं आकारानं मोठी, त्यांचे कोपरे पोस्टात दुमडतात. पुठ्ठा अंकाहून चारही बाजूंनी दोन बोटं मोठा हवा. परदेशातलं पार्सल कस्टम्समधून येतं, म्हणून बाहेर 'जुनं छापील मासिक' असं साधं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा.

सहावी पायरी: आपल्या हवेत अंक जपणं

पॅरिसच्या माळ्यावर शंभर वर्षं टिकलेला कागद मुंबई-कोकणातल्या दोन पावसाळ्यांत खराब होऊ शकतो. इथं परदेशी सल्ले निम्मेच उपयोगी पडतात.

दोन प्रकारचे कागद दोन प्रकारे बिघडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्ल धरणारा. तो पिवळा पडत जातो आणि घडीवर तुटतो. असा अंक उघडझाप करून वाचू नका. एकदा काळजीनं फोटो काढून ठेवा आणि पुढे फोटोच वाचा. याउलट 1974 किंवा 1986 चा गुळगुळीत आर्ट पेपर मजबूत दिसतो, पण त्याच्यावर मातीचा लेप असतो. दमट झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलात की छपाई उपटून येते. असे अंक पावसाळ्यात एकावर एक दाबून रचू नका.

प्रत्येक अंक आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला, मागे आम्लरहित पुठ्ठा. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीही नाही, फाटलेलं पान फाटलेलंच राहू द्या. पेटी जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. कसर आणि वाळवी अंधारात शांतपणे काम करतात, म्हणून महिन्यातून एकदा पेटी उघडून बघायचीच. आमच्या घरात पोथ्यांच्या कापडात वेखंडाची पुरचुंडी असायची. मी ती पेटीच्या कोपऱ्यात ठेवते, कागदाला लागू न देता. डांबराच्या गोळ्या टाळते.

पिना गंजतात आणि त्यांचा डाग आरपार जातो. पण त्या स्वतः उपटू नका. अंक मोलाचा असेल तर कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून पानं उलटा. हातमोज्यांनी पानाची कड कळत नाही आणि तुटका कागद जास्त तुटतो. भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत प्रत काढून ती फ्रेम करा, मूळ अंक उन्हात नको.

सातवी पायरी: वही

अंकावर काही लिहायचं नाही, पेन्सिलनंसुद्धा नाही. लिहायचं ते वहीत. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: अंकाचं नाव, तारीख, सुटा की बांधीव, कोणत्या प्रदर्शनाचा, ते कधीपासून कधीपर्यंत होतं, लेख कोणत्या पानांवर, कोणाचा, चित्रपत्रे किती असायला हवेत आणि किती आहेत, दोष काय, कुठून घेतला, कितीला, कधी. आणि खाली चार ओळी लेखात काय म्हटलंय त्याच्या. या चार ओळी मी सक्तीनं लिहिते. त्यासाठी लेख वाचावा लागतो, आणि वाचताना पुढचा अंक सापडतो. एखादा समीक्षक दुसऱ्या पत्रातल्या मताला उत्तर देत असतो, एखादी तळटीप भलत्याच मासिकाकडे बोट दाखवते. माझी निम्मी खरेदी अशा तळटिपांनी ठरवली आहे.

'गाझेत'बरोबर वर्गणीदारांना 'क्रोनिक देझार' नावाची आठवड्याची पुरवणी यायची, त्यात चालू प्रदर्शनांच्या बातम्या असत. पातळ असल्यामुळे ती लोकांनी टाकून दिली किंवा वेगळी बांधली. वहीत 1909 च्या पानावर 'क्रोनिक, मे' यापुढची जागा मी कोरी ठेवली आहे. कोणाला बांधलेल्या खंडात ती दिसली तर सुटी करून घेऊ नका, आख्खा खंडच घ्या.